घनता 99.9 टक्के, तरी जॉब तुटतो

नमस्कार. माझ्या लेखात मी धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगला उगाच बदनाम करतोय, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या टायटॅनियमच्या जॉबची, म्हणजे प्रिंट केलेल्या भागाची, घनता 99.9 टक्के, टेन्साइल (ओढून तोडायला लागणारा ताण) ड्रॉइंगपेक्षा वर, शिवाय मशिनिंग झाल्यावर हिप (तापवून चहूबाजूंनी वायूचा दाब देणं) करून घेता. एक जॉब कंपनाच्या टेस्टला लवकर गेला, तो टेस्ट मशिनचा दोष, असं तुमचं म्हणणं. तुमचे आकडे मान्य केले तरी फटीग, म्हणजे ताण पुन्हापुन्हा येऊन धातूला तडा जाणं, त्या घनतेला आणि टेन्साइलला विचारत नाही.

हिशोबच करू. 1 घन सेंटिमीटर धातूत 0.1 टक्का म्हणजे 1 घन मिलिमीटर पोकळी. त्यात 50 मायक्रॉन व्यासाची सुमारे 15 हजार गोल छिद्रं मावतात. नाहीतर 300 मायक्रॉन लांब-रुंद आणि 30 जाड अशा 370 चपट्या फटी. सर्टिफिकेटवर आकडा तोच! पण तडा काही भोकांची बेरीज करत बसत नाही, तो सगळ्यात वाईट एकच भोक गाठतो. जपानचे फटीगचे अभ्यासक मुराकामी ताणाच्या दिशेने बघून त्या भोकाची सावली मोजतात. त्या हिशोबाने ही फट ताणाला आडवी आली, तर तिच्या टोकाशी ताणाची तीव्रता त्या गोल छिद्राच्या अडीच पट भरते.

नाशिकच्या अंबडमधल्या एका वर्कशॉपमधला तुटका ब्रॅकेट मी भिंगाखाली धरला होता. उभा प्रिंट केलेला, ओढही उभीच. तडा जिथून निघाला तिथे मोहरीसारखे चकचकीत गोळे: न वितळलेली पावडर. वरचा थर खालच्याला धरलाच नव्हता, खारीचा पापुद्रा सुटावा तसा. हाच ब्रॅकेट आडवा प्रिंट केला असता, तर ती फट ओढीच्या रेषेत आली असती आणि कदाचित कुणाला कळलीही नसती.

आता हिप. 900 अंशांच्या वर, 100 मेगापास्कल दाबाखाली आतली भोकं मिटतात, हे खरंच. पण पृष्ठभागाला उघडं असलेलं भोक मिटत नाही. दाब देणारा अर्गॉन वायू थेट आत शिरतो, आतबाहेर दाब सारखाच, मग मिटणार कशाने? आणि तुम्ही आधी मशिनिंग करता, म्हणजे कातडीखालची भोकं स्वतःच उघडी करून देता. क्रम उलटा करा.

एक मात्र तुमचं बरोबर. ‘प्रत्येक भोक घातक’ हे माझं वाक्य चुकलं. वाकणाऱ्या जॉबच्या मधोमध, जिथे ताण जवळपास शून्य, तिथलं बारीक गोल छिद्र सहसा काही करत नाही. लेखात दुरुस्त करतो.

तो तुटलेला जॉब अजून असेल तर फेकू नका. आणि दोन्ही तुकडे जुळवून बघायचा मोह आवरा, घासले की उगमाच्या खुणा पुसल्या जातात. कोरड्या डबीत वेगवेगळे ठेवा, मी सातपूरला आलो की बघतो.