थॉमसनचा होम रन खोडायचा का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी पुन्हा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

डॉजर्स आणि जायंट्स या बेसबॉल संघांच्या वैरावरच्या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. १९५१ सालचा जायंट्सच्या बॉबी थॉमसनचा होम रन (चेंडू थेट प्रेक्षकांत फटकावून मिळवलेली धाव) मी डोक्यावर घेतला, पण तो चोरून, म्हणजे डॉजर्सच्या खुणा दुर्बिणीतून पाहून, मिळवलेला होता. तो विक्रमांच्या वहीतून खोडावा, निदान त्यापुढे तारांकन, म्हणजे शंकेची खूण म्हणून तारा, तरी द्यावं. डॉजर्सच्या जॅकी रॉबिन्सनची मी सांगितलेली गोष्ट खरी नाही. आणि दोन्ही संघ न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियात आले तेव्हाच हे वैर संपलं. आता १८९० पासूनचे सामने मोजत बसणं हा तिकिटं खपवायचा प्रकार आहे. तुम्ही लॉस एंजेलिसचे, मी एकोणीस वर्षं सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला राहते. माझा ओढा कुणाकडे आहे हे उघडच आहे, पण तेवढ्यासाठी मी तुमचं बोलणं झटकून टाकणार नाही.

रॉबिन्सनचं आधी सांगते, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे. डिसेंबर १९५६ मध्ये डॉजर्सनी त्याचा जायंट्सशी सौदा केला आणि 'जायंट्सचा गणवेश अंगावर चढवण्यापेक्षा त्याने खेळच सोडला' असं मी लिहून मोकळी झाले. सौद्याची बातमी कानावर यायच्या आधीच त्याचं निवृत्तीचं ठरलं होतं. एका कॉफी कंपनीत त्याने नोकरी पक्की केली होती आणि निवृत्तीची बातमी 'लुक' मासिकाला कबूल केली होती. गोष्ट ऐकायला इतकी चपखल होती की मी ती पडताळून पाहिलीच नाही. चूक माझी आहे. लेखातलं ते वाक्य काढलं आहे.

आता दुर्बीण. माझ्या लेखात तिचा साधा उल्लेखही नव्हता. हे तुम्ही दाखवून दिलंत ते मनाला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. फलंदाजाच्या मागे कॅचर उकिडवा बसून दोन मांड्यांच्या मध्ये बोटांनी चेंडू टाकणाऱ्या पिचरला खुणावतो: वेगवान चेंडू टाक, कर्व्ह (वळणारा चेंडू) टाक. ती खूण फलंदाजाला आधीच कळली, तर निम्मं काम झालं. जायंट्सच्या पोलो ग्राउंड्सवर खेळाडूंच्या खोल्या सेंटर फील्डच्या, म्हणजे फलंदाजाच्या समोरच्या टोकाच्या, पार मागे होत्या, होम प्लेटपासून (फलंदाज उभा राहतो त्या जागेपासून) दीडशे मीटरच्या आसपास. १९५१ च्या जुलैपासून तिथल्या एका खिडकीत प्रशिक्षक हर्मन फ्रँक्स दुर्बीण लावून बसायचा. खूण दिसली की बटण दाबायचा. तार ओढून बझर डगआऊटमध्ये (संघाच्या बाकापाशी) आणि बुलपेनमध्ये (राखीव पिचर तयारी करतात तिथे) बसवला होता. बुलपेनमधला राखीव कॅचर सॅल इव्हार्स फलंदाजाला दिसेल असा बसायचा आणि चेंडू हवेत उडवून किंवा हात स्थिर ठेवून खूण पुढे पोचवायचा. जानेवारी २००१ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने हे सगळं छापलं आणि त्या संघातल्या खेळाडूंनी ते कबूलही केलं.

तेव्हा चोरी झाली यात वाद नाही. माझा मतभेद 'खोडा' या शब्दाशी आहे.

ऑगस्टमध्ये क्रमवारीत साडेतेरा सामने मागे असलेले जायंट्स शेवटच्या ४४ पैकी ३७ सामने जिंकून डॉजर्सच्या बरोबरीला आले, दोघांचे ९६ विजय झाले आणि तीन सामन्यांचा प्लेऑफ (निर्णायक मालिका) ठरला. १ ऑक्टोबरचा पहिला सामना डॉजर्सच्या मैदानावर, ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर झाला. तिथे दुर्बीण नव्हती. त्या सामन्यात थॉमसनने डॉजर्सचा पिचर राल्फ ब्रँकालाच होम रन मारला आणि जायंट्स ३-१ ने जिंकले. दुसरा सामना पोलो ग्राउंड्सवर होता, म्हणजे खिडकी, तार, बझर सगळं जागच्या जागी. डॉजर्स १०-० ने जिंकले! तिसरा ३ ऑक्टोबरला, पुन्हा तिथेच. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला डॉजर्स ४-१ ने पुढे होते. एक धाव आली, दोन धावक बेसवर (धाव पुरी करायच्या वाटेवरच्या टप्प्यांवर) होते, पिचर न्यूकोम्बच्या जागी ब्रँका आला आणि त्याचा दुसरा चेंडू थॉमसनने डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत भिरकावला. ५-४. त्या चेंडूची खूण आपण घेतली नव्हती, असं थॉमसन पुढे सांगत राहिला.

यातली कोणती धाव दुर्बिणीची आणि कोणती मनगटाची, हे कोण वेगळं काढणार? शिवाय प्लेऑफचे सामने तेव्हा नियमित हंगामातच मोजले जात. म्हणून तो होम रन थॉमसनचा त्या वर्षीचा ३२ वा आहे आणि तो सामना हंगामातला १५७ वा. एक ओळ खोडली की खालची प्रत्येक बेरीज हलते.

आणि ब्रँका. ही चोरी त्याला १९५४ मध्येच एका सहकाऱ्याकडून कळली होती. हरलेला माणूस रडगाणं गातोय असं कुणी म्हणू नये म्हणून तो जवळपास पन्नास वर्षं गप्प राहिला. त्या काळात तो आणि थॉमसन मित्र झाले, एकाच टेबलाशी बसून एकाच फोटोवर सह्या करत राहिले. उद्या तो होम रन वहीतून गेला, तर ब्रँकाचं ते गप्प राहणंही त्याच्याबरोबर जाईल. ते मला नको आहे. माझी मागणी उलटी आहे: जिथे जिथे हा होम रन सांगितला जाईल, तिथे तिथे दुर्बीणही सांगितली गेली पाहिजे. ते मी केलं नव्हतं.

तारांकनाचं म्हणाल, तर तो प्रयोग होऊन गेला आहे. १९६१ मध्ये रॉजर मॅरिसने ६१ होम रन मारले. बेब रूथचे ६० हे १५४ सामन्यांच्या हंगामातले होते आणि मॅरिसचा हंगाम १६२ सामन्यांचा, म्हणून बेसबॉलचे आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी दोन्ही विक्रम वेगवेगळे लिहावेत असं सांगितलं. ही विभागणी जायला १९९१ उजाडलं. मॅरिस १९८५ मध्येच वारला. १९६२ मध्ये तुमच्याच डॉजर्सच्या मॉरी विल्सने १०४ बेस चोरले (चेंडू टाकला जात असताना पळून पुढचा बेस गाठला) आणि टाय कॉबचा १९१५ पासूनचा ९६ चा विक्रम मोडला, तेव्हा फ्रिक यांनी त्यालाही सामन्यांची तीच अट घातली. प्लेऑफ धरून विल्स त्या वर्षी १६५ सामने खेळला. त्याच्या १०४ पुढे तारा लावलेला तुम्हाला चालेल का? मला चालणार नाही. आणि हे जायंट्सची चाहती लिहिते आहे. त्याच हंगामात आमच्या कँडलस्टिक पार्कवर विल्सला पळता येऊ नये म्हणून पहिल्या बेसजवळची माती भुसभुशीत करून तिथे पाणी मारलं होतं, पाय रुतेल इतकं. तेव्हाचा व्यवस्थापक ॲल्विन डार्क, म्हणजे १९५१ च्या त्या नवव्या इनिंगला पहिला हिट (बेस गाठून देणारा फटका) मारणारा खेळाडू.

वहीत भर मात्र पडू शकते, आणि पडायला हवी. थॉमसन होम रन मारत होता तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून जायंट्सचा वीस वर्षांचा विली मेज वाट पाहत उभा होता. त्याचे हिट्स आयुष्यभर ३,२८३ असेच छापले गेले. निग्रो लीग्जच्या (कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगांच्या) आकड्यांचा समावेश झाल्यावर, मे २०२४ मध्ये, ते ३,२९३ झाले. हे दहा हिट्स १९४८ सालचे, बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सकडून शाळकरी वयात मारलेले. पुढच्याच महिन्यात मेज गेला. सत्तर-पंचाहत्तर वर्षं ते दहा हिट्स कुठेच नव्हते, कारण ते ज्या लीगमध्ये मारले, तिला मोठी लीग मानलंच जात नव्हतं. खोडण्याची भाषा ऐकली की मला आधी हे दहा हिट्स आठवतात.

तिसरा आक्षेप मला पटत नाही. हे वैर न्यूयॉर्कमध्येच संपलं असतं, तर १९६२ चं काय करायचं? पुन्हा बरोबरी, पुन्हा तीन सामने, पुन्हा ३ ऑक्टोबर, पुन्हा नवव्या इनिंगला जायंट्सच्या चार धावा, यावेळी तुमच्या नव्याकोऱ्या डॉजर स्टेडियमवर. २२ ऑगस्ट १९६५ ला आमच्या हुआन मारिशालने तुमचा कॅचर जॉन रोझबरोच्या डोक्यात बॅट घातली, ती सॅन फ्रान्सिस्कोतच. आणि पुढे रोझबरोनेच त्याला माफ करून हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च सन्मानासाठी, त्याची बाजू मांडली. हे तिकीट विभागाला घडवून आणता येत नाही.

१४ ऑक्टोबर २०२१ ला मी मुलाला घेऊन जायंट्सच्या ओरॅकल पार्कच्या अगदी वरच्या रांगेत बसले होते. हंगामात आमचे १०७ विजय, तुमचे १०६. प्लेऑफ धरून त्या रात्री दोघांचेही १०९. शेजारच्या खुर्चीवर निळी टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ होते. टोपीवर 'एलए' नव्हतं, पांढरा 'बी' होता, ब्रुकलिनचा, कडा विरलेला. वडील एबेट्स फील्डला न्यायचे, एवढंच ते म्हणाले. नवव्या इनिंगला आमच्या शेवटच्या फलंदाजाने, फ्लोरेसने, अर्धवट फिरवलेली बॅट पंचाने पूर्ण फिरवलेली धरून त्याला बाद दिलं आणि डॉजर्स २-१ ने जिंकले. माझा मुलगा रडायला लागला. गृहस्थांनी आरोळी ठोकली नाही. ते उठले, टोपी काढून त्यांनी माझ्या मुलाच्या हातात दिली, त्याने ती नीट पाहून परत करेपर्यंत थांबले आणि मग जिना उतरले. ते १९५८ नंतरचे, म्हणजे संघ कॅलिफोर्नियात आल्यावरचे, सामने वेगळे मोजत असतील असं मला वाटत नाही.

मूळ लेख आज दुरुस्त केला आहे. दुर्बिणीचा परिच्छेद आता होम रनच्या आधी येतो, नंतर नाही. तारांकन दिलेलं नाही.