आगोटीला हात लावू नकोस

मे महिना लागला की आमच्या घरी खायचे हाल सुरू होतात. घर धान्यानं गळ्यापर्यंत भरलेलं असतं, म्हणूनच होतात.

मुरुडकडे पावसाळ्याआधी जे सामान भरतात त्याला आगोट म्हणतात. जूनमध्ये यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात, ताजी मासळी बंद. म्हणून सुके बोंबील, सोडे, सुकट, जवळा. शिवाय तांदूळ, कडवे वाल, कुळीथ, आमसुलं, वर्षाचा मसाला आणि आढ्याला पांढऱ्या कांद्याच्या माळा. हे सगळं सासूबाईंच्या ताब्यात. मी डब्याकडे नुसतं पाहिलं तरी माजघरातून आवाज येतो, "हात लावू नकोस गं, आगोटीचं आहे ते!"

मग खायचं काय? गेल्या वर्षीचं. जुनं संपल्याशिवाय नवं उघडायचं नाही, हा घरचा कायदा. जुनं संपेपर्यंत नवं जुनं होतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या वर्षीचा बोंबील त्या वर्षी खाल्लेला मला आठवत नाही. तांदूळ ताटात पसरून उन्हात ठेवायचा, काळे टोके तुरुतुरु कडेला पळतात, ते बोटानं उडवायचे आणि उरलेल्याचा भात लावायचा. टोक्यांना नवा तांदूळ मिळतो, आम्हाला नाही.

लॉकडाऊनमध्ये मला नियोजनाची हुक्की आली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला 2110 किलोकॅलरी लागतात, बाईला 1660. (बैठं काम करणारी बाई आमच्या आळीत तरी मी पाहिलेली नाही.) शंभर ग्रॅम सुक्या बोंबलात साठेक ग्रॅम प्रथिनं. तक्ता करून सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "यात पाहुणे कुठे आहेत?"

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. कौलं उडाली, सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, वीज गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. फ्रीजमधलं सगळं लगेच रांधणं भाग होतं. घरोघरी तीच गत. छपराचा पत्ता नाही आणि प्रत्येक चुलीवर सुरमई! त्या दिवशी आळीत जेवढी तळली गेली तेवढी लग्नाच्या पंगतीतही पाहिली नव्हती. सुरमई संपली तसं मी म्हटलं, "आई, आता तरी आगोट काढूया. याहून मोठी अडचण ती कुठली?"

"पाऊस अजून पडायचाय," त्या म्हणाल्या, "आत्ताच संपवलंस तर पुढे काय खाशील?" आणि कुळथाचं पिठलं टाकलं. कुळीथ अर्थातच 2019 चे.

हल्ली आमच्याकडे आपत्तीची पिशवीही आहे. बिस्किटं, चणे-गूळ, ओआरएस, काडेपेटी, विजेरी. ती मी भरली. बिस्किटं पोरांनी पहिल्याच आठवड्यात फस्त केली, तेव्हा सासूबाईंनी पिशवी विजेरीसकट कपाटात ठेवून कुलूप घातलं. आता दिवे गेले की आम्ही सगळे अंधारात त्या कपाटाची किल्ली शोधतो.