शॉकअप घरी बदला, पण त्या मेसेजप्रमाणे नको

मारुतीच्या ईको आणि ओम्नी व्हॅनवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) घरी बदलण्याबद्दल एक लांबलचक मेसेज फिरतोय. सार असं: खडखड आली की शॉकअप गेले समजा. गाडीसोबतचा जॅक लावा. स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं अवजार) कशाला, जाड तार गुंडाळून स्प्रिंग आवळा. जो गेलाय तेवढाच शॉकअप बदला. गाडी वर आहे तोवर सगळे बोल्ट गच्च करा. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) म्हणजे गॅरेजवाल्यांचा धंदा. तीन तासांत काम फत्ते.

मजुरी वाचवायला माझा विरोध नाही. पाना चालवायची सवय असेल तर ईकोचे मागचे शॉकअप घरी आरामात बदलता येतात. ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली, तरी अजून कितीतरी रस्त्यावर आहेत आणि बहुतेक मालकांच्याच हातावर जगतायत. अडचण मेसेजमधल्या पद्धतीची आहे.

सगळ्यात आधी तारेचं, कारण यात माणूस जायबंदी होतो. दोन्ही गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअप आणि कॉइल स्प्रिंग एकाच जोडणीत. चाक हवेत लोंबकळत असलं तरी ही स्प्रिंग मोकळी झालेली नसते. खालची आणि वरची वाटी यांच्यामध्ये ती दाबलेलीच असते आणि तिला धरून ठेवतो तो फक्त शॉकअपच्या रॉडच्या टोकावरचा मधला नट. तो सोडलात की वरची वाटी सुटते, तोंड वर असेल तर तोंडावर. गाडीचा एक अख्खा कोपरा पेलणारी स्प्रिंग आहे ती, तारेला दाद देत नाही. मग घरी काय करायचं? स्ट्रट अख्खा उतरवा: नकलचे (चाक ज्यावर बसतं त्या भागाचे) बोल्ट आणि बॉडीवरचे बाजूचे नट. मधल्या नटला हात लावू नका. उतरवलेला स्ट्रट गॅरेजात न्या, कॉम्प्रेसरवर स्प्रिंग दाबून नवा शॉकअप बसवून घ्या आणि परत येऊन तुम्हीच गाडीला लावा. वाचायची तेवढी मजुरी यातही वाचते. स्ट्रट काढताना ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला चिमटणारा भाग) नळीवर लोंबकळत सोडू नका, दोरीने वर बांधून ठेवा.

आता जॅक. गाडीसोबत मिळणारा जॅक पंक्चर काढण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही. गाडी टेकवायला दोन जॅक स्टँड घ्या, जमीन सपाट आणि घट्ट हवी. सोसायटीच्या पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक दबतात, स्टँडखाली जाड फळी घाला. मेसेजवाल्याच्या ध्यानातही न आलेली एक गोष्ट: ईको आणि ओम्नी मागच्या चाकांवर चालतात आणि हँडब्रेकही मागच्याच चाकांना आहे. मागची दोन्ही चाकं उचलली की गिअर आणि हँडब्रेक दोन्ही निरुपयोगी, गाडी पुढे-मागे सरकायला मोकळी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावल्याशिवाय मागे जॅक लावू नका. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा.

ईकोला मागे रिजिड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकसंध दांडा) आणि कॉइल स्प्रिंग आहे. शॉकअप सुटला की ॲक्सल खाली जातो, ब्रेकची नळी ताणते, स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. म्हणून बोल्ट काढण्याआधीच ॲक्सलखाली आधार द्या. ओम्नीला मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत, तिथे निदान स्प्रिंग निसटायची भीती नाही.

खडखडीचं निदानही घाईचं आहे. तोच आवाज बुश (सांध्यातलं रबर), बॉल जॉइंट (नकल आणि लोअर आर्ममधला गोळ्याचा सांधा), स्ट्रटचं वरचं माउंट किंवा एखादा सैल नट यांतूनही येतो. बॉल जॉइंटला पहारीने हलकेच उचकटून बघा, खेळ हाताला कळतो. शॉकअप गेल्याची खूण म्हणजे त्याच्या अंगावर वरून ओघळलेलं तेल, आणि टायरच्या पट्ट्यावर ठिकठिकाणी पडलेले खड्डे. ग्रुपवर कुणीतरी लिहिलंय की गाडीची मागची बाजू बसली म्हणून शॉकअप बदला. शॉकअप वजन उचलत नाही, वजन स्प्रिंग किंवा पाटा उचलतो. शॉकअपचं काम उसळी आवरायचं. बसलेली गाडी नव्या शॉकअपनेही बसलेलीच राहील. बुश कुरकुरतो म्हणून त्यावर ग्रीस चोपडणंही तसंच. ग्रीसमधल्या खनिज तेलाने साधं रबर फुगतं आणि लवकर मरतं.

एकाच बाजूचा पार्ट बदलायचं म्हणाल तर बुशच्या किंवा बॉल जॉइंटच्या बाबतीत चालेल, शॉकअपच्या नाही. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला दमलेला असला की दोन्ही चाकं उसळी वेगवेगळी आवरतात. वळणावर किंवा जोरात ब्रेक दाबल्यावर ते कळतं. बसवण्याआधी नवा शॉकअप उभा धरून काही वेळा पूर्ण दाबा-ओढा, आतली हवा वर निघून जाते. आणि नट फिरताना रॉडही फिरायला लागला तर त्याला पक्कड लावू नका. त्या चकचकीत रॉडवर एक ओरखडा पडला की तो प्रत्येक खड्ड्यात ऑइल सील कापत राहतो. रॉडच्या टोकाला पाना बसेल अशी जागा केलेली असते, तिथेच धरायचं.

बोल्ट गच्च करण्याबद्दल मात्र मेसेज नेमका उलटा आहे. लोअर आर्मचा (चाकाला खालून बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याचा) बुश आतल्या लोखंडी नळीला चिकटलेला असतो आणि रबराच्या पिळावर हलतो. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली उतरताच रबर पिळलं जातं आणि चोवीस तास पिळलेलंच राहतं. मग नवा बुश लवकरच फाटतो आणि दोष पार्टवाल्याला. हवेत असताना बोल्ट नुसते हातघट्ट करा आणि गाडीचं वजन चाकांवर आल्यावर टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या) आवळा.

अलाइनमेंटबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. फक्त मागचे शॉकअप बदलले असतील तर गरज नाही, रिजिड ॲक्सलला तिथे जुळवण्यासारखं काही नसतं. पुढे स्ट्रट, आर्म किंवा टाय रॉडला (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याला) हात लावला असेल तर चाकांचा कोन हललेला असतोच, कारण नकलच्या बोल्टांना भोकांत थोडा वाव असतो. तेव्हा गाडी घरून निघाली की आधी अलाइनमेंटवाल्याकडे न्या आणि काय काय बदललं ते त्याला सांगा.