कुंपणाला कोनोकार्पस नको, कोयनेल लावा भाऊ

जळगाव काय नि धुळे काय, नवीन लेआउट पडला की कंपाउंडला कोनोकार्पस ठरलेलाच. नर्सरीवालाही तोच पुढे करतो, "भाऊ, हाई लई जा, वरीसमा भिंत व्हई जाई." होते ना भिंत, नाही कोण म्हणतं, पण गुजरातच्या वन विभागाने २०२३ मध्ये याच झाडावर बंदी घातली, मुळं ड्रेनेज नि केबलपर्यंत घुसतात आणि फुलांच्या परागाने सर्दी-दम्याचा त्रास होतो म्हणून, आणि आपण बॉर्डरच्या या बाजूला टेम्पो भरभरून आणतोय!

अरे आपल्याकडे कोयनेल आहे की. जुन्या सरकारी बंगल्यांची कुंपणं आठवा, बगीच्यातले कापून केलेले हत्ती-मोर आठवा, त्यातलं बरंचसं कोयनेलच. गंमत म्हणजे हे मूळचं समुद्रकाठचं झुडूप, किनाऱ्यावरच्या वाळूत, खाडीच्या कडेला तिवरांच्या आसपास आपोआप वाढतं, फळ बुचासारखं हलकं, समुद्रावर तरंगत तरंगत जातं आणि लागेल त्या काठाला रुजतं. खाऱ्या वाऱ्यात नि कोरड्या वाळूत बारा महिने हिरवं राहणारं झाड, त्याला आपल्या बोअरचं मचूळ पाणी काय करणार? मे महिन्यात भुसावळला ४५ डिग्री असतानासुद्धा हिरवं असतं, फक्त पहिला उन्हाळा पाणी द्यायचं, तेवढा कंटाळा करू नका.

वर पानं अशी कडू की बकरी हुंगते आणि शेजारच्या जास्वंदीकडे जाते (शेजारी बोलतात, बोलू द्या).

लावायलाही खर्च नाही. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या, वीतभर लांब, फूट-दीड फुटावर खोचायच्या. छाटायचा आळस केला तर मात्र वर झिपऱ्या नि खाली नुसत्या काटक्या दिसतात, म्हणून लहान असल्यापासून शेंडे मारायचे आणि बुंध्याकडे रुंद, वर निमुळतं ठेवायचं. माळी लोक सरसकट कैची चालवतात ते मला पटत नाही, त्याने फुलंच येत नाहीत. एक कोपरा मोकळा सोडा, मग बघा, तीन-तीनच्या झुपक्यात पांढरी फुलं नि त्यातून बाहेर आलेले जांभळट लांब केसर, कोनोकार्पसच्या त्या हिरव्या गोळ्यांना याची सर नाही.

आमचं कुंपण पाऊस लागला की छाटणार आहे, काड्या पाहिजे असतील त्यांनी मेसेज करा, येताना गोणी आणा.