‘बीपीए-फ्री’ डबा आणि गर्भातला मेंदू

पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची, खरेदी सुरू झाली की प्लास्टिकच्या नव्या बरण्यांसोबत एक समजूतही घरात येते: ‘बीपीए-फ्री लिहिलंय ना, मग गरोदर बाईला धोका नाही. उतरतं ते नगण्य, आणि तेही वार (प्लॅसेंटा) गाळून घेते.’

वार गाळत नाही. बीपीए, म्हणजे काही कडक प्लास्टिकांत वापरलं जाणारं बिस्फेनॉल-ए हे रसायन, नाळेच्या रक्तात आणि गर्भजलातही सापडला आहे.

बीपीए संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करू शकतो, आणि ‘नगण्य’ हा शब्द संप्रेरकांना लागू पडत नाही. रक्तातलं मोकळं टी-४ (थायरॉइडचं संप्रेरक) लिटरला साधारण १० ते २० पिकोमोल. एक पिकोमोल म्हणजे मोलचा एक लाख कोटीवा भाग. तेवढ्यावर गर्भाचा मेंदू घडतो. गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात हे टी-४ बहुतेक आईचंच. मेंदूतल्या ताराकार पेशी त्याचं टी-३ (त्याचं जास्त प्रभावी रूप) करतात आणि ते मिळालं तरच कोवळ्या चेतापेशी आपापल्या थरात जाऊन बसतात, मायलिन (चेतातंतूंवरचं आवरण) बनवणाऱ्या पेशी पिकतात. ते कमी पडलं तर काही चेतापेशी वाटेतच अडकतात. नंतर थायरॉइडची गोळी दिली तरी त्या जागेवर येत नाहीत. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२३ मध्ये बीपीएची रोजची सह्य मात्रा वजनाच्या दर किलोमागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, २०,००० पट खाली. (त्यामागचं मुख्य कारण रोगप्रतिकारक पेशी होत्या, मेंदू नव्हे, हेही सांगायला हवं.)

आता शिक्का. एक नंबरच्या पेट बाटलीत बीपीए मुळात नसतोच. तिच्यावर ‘बीपीए-फ्री’ म्हणजे मिठाच्या पिशवीवर ‘मासळीविरहित’. जिथे तो खरंच काढला, तिथे अनेकदा त्याचा भाऊबंद बीपीएस येतो. कॅल्गरीतल्या २०१५च्या प्रयोगात झेब्राफिश या छोट्या माशाच्या गर्भांना अगदी कमी मात्रेत दोन्ही दिले. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागात वेळेआधीच जन्मलेल्या चेतापेशी बीपीएनं १८० टक्के वाढल्या, बीपीएसनं २४० टक्के. मासा म्हणजे माणूस नव्हे, पण ‘पर्याय निर्धोक’ हा दावा इथेच गळतो.

तेव्हा शिक्का वाचण्यापेक्षा उष्णता आणि तेल यांच्याकडे बघा. उकळतं हुमण (माशांची आमटी) पिशवीत बांधून आणू नका, स्टीलचा डबा न्या. लोणचं चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत घाला, पण काठोकाठ भरू नका: पत्र्याच्या झाकणाच्या आतली मऊ चकती बहुधा पीव्हीसीची असते, तिच्यातली मऊपणाची द्रव्यं तेलात उतरतात. दुकानातली थर्मल पावती, जिच्या कागदावर अनेकदा बीपीए किंवा बीपीएस असतो, सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हातानं धरू नका. बीपीए कातडीतून जास्त शिरतो.

मिठाचं मात्र कुणी बोलत नाही. टी-४ बनतं ते आयोडीनपासून. पाण्यात-अन्नात येऊ शकणारं परक्लोरेट हे रसायन आणि तंबाखूच्या धुरातलं थायोसायनेट थायरॉइडच्या दारात आयोडीनची वाट अडवतात. आयोडीन आधीच कमी असेल तर फटका मोठा. गरोदर बाईला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम हवं. मिठागरातलं जाडं मीठ चवीला उत्तम, पण त्यात आयोडीन जवळजवळ नसतं. आयोडीनयुक्त मिठात ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम असावं लागतं. आगरातलं मीठ खारं (सुकी मासळी) सुकवायला आणि तोराला (मिठातल्या कैऱ्यांना) ठेवा. रोजच्या कढीत आयोडीनचं घाला, तेही शेवटी, आणि डब्याचं झाकण घट्ट लावा. दमट हवेत ते उडतं.