दुधासारखं पाणी

पुलावरून दोरीने बादली सोडणाऱ्या माणसाला नागपुरात आधी ‘मोबाइल पडला का?’ असं विचारतात. नाही म्हटलं की ‘घरचा नळ गेला का?’ तेही नाही म्हटलं की मग विचारत नाहीत, लांबून बघतात.

नाग नदीचं पाणी तपासणारा स्वयंसेवकांचा गट काढणं सोपं होतं. व्हॉट्सॲपवर ग्रुप, अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगापासून शहराच्या पूर्व टोकापर्यंत ठरवलेल्या जागा, छापलेल्या वह्या. एकच अट: तीच जागा, तीच वेळ. पाण्यातला प्राणवायू शेवाळामुळे दुपारी चढतो आणि पहाटे तळाला जातो, त्यामुळे वेळ चुकली की आकडा फुकट. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठा दाखवला. कोणत्या अर्थाने, ते रविवारी कळलं. अर्ध्यांच्या घरी साक्षगंध निघतं आणि उरलेल्यांचा पाय तर्री-पोह्यांच्या ठेल्यावरून निघत नाही.

परवाही मी एकटाच. प्राणवायू मोजायची आमची रीत १८८८ सालची, विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाची. बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा नको. मग मँगनीज सल्फेट, मग अल्कली-आयोडाइड, बूच लावून उलटसुलट करायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. मी त्या बुडबुड्यावर डोळे लावून बसलेला, तेवढ्यात मागे स्कूटर थांबली.

“काय करून राहिले जी?”

साठीचे काका. पायाशी निर्माल्याने टम्म फुगलेली कॅरीबॅग.

“पाणी तपासतोय, काका.”

“कार्पोरेशनचे होय का?”

“नाही, आपलं स्वयंसेवक म्हणून.”

“पगार किती भेटते?”

“काहीच नाही.”

काकांनी स्कूटर स्टँडवर लावली. “पैसे नाही भेटत त काहून करून राहिले? निवडणुकीले उभे राहता का?”

मी हसलो. ते त्यांनी होकारात धरलं आणि गाऱ्हाणी सुरू केली. गल्लीतला बंद दिवा, शेजाऱ्याचा कुत्रा, सिमेंटचा रस्ता उंबऱ्याच्या वर आला तो. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओसंडला तेव्हा नदी त्यांच्या बैठकीत शिरली होती. सोफा भिजवून गेली म्हणाले, आणि सूर असा, की आली ती आली, चहासुद्धा न घेता गेली. “लिहून घ्या हे सगळं.” मी वहीत तापमान, वास, रंग लिहिलं. काका वहीकडे समाधानाने बघत होते.

बोलता बोलताच त्यांनी ती कॅरीबॅग उचलली आणि कठड्यावरून सोडून दिली. माझ्या बादलीच्या हातभर अंतरावर, तीही वरच्या अंगाला.

“अहो काका!”

“देवाचं आहे जी. घाण थोडी आहे?”

यावर मला काही सुचायच्या आत बाटलीत साका उतरला. पांढरा. स्वच्छ, शुभ्र पांढरा. नदीत आंघोळ करायची तर पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. इथे नावालाही नव्हता. माझा चेहरा पडला आणि काकांचा उजळला.

“बाप्पा! दूध झालं न!”

पांढरं म्हणजे वाईट, तपकिरी म्हणजे चांगलं, असं मी दोनदा समजावून सांगितलं. त्यांनी तापात बरळणाऱ्याचं ऐकावं तसं ऐकून घेतलं. “पांढरं कधी वाईट असते का? बाटली जराशी वर धरा.” मोबाइल समोर आला की माणसाचं काय होतं कोण जाणे, मी धरली. वर हसलोसुद्धा.

संध्याकाळी तो फोटो बायकोच्या बहिणीकडून आमच्या घरी आला. ‘नाग नदी शुद्ध झाली! पाणी दुधासारखं!! पुढे पाठवा.’ तोवर तो कितीजणांनी पुढे पाठवला होता देव जाणे. तिचा प्रश्न एवढाच, की भाऊजींनी दाढी का केली नव्हती.

आमचे आकडे घेऊन आम्ही मागे एका कार्यालयात गेलो होतो. साहेबांनी वही न उघडता परत केली. म्हणाले, घरगुती तपासणी चालत नाही, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा शिक्का आणा. नियम असेल, मान्य. पण काकांच्या फोटोला कुणी शिक्का मागितला नाही. नीरीसारखी पर्यावरण-संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९५८ पासून ज्या शहरात आहे, तिथली ही गोष्ट. आणि हे ‘दूध’ इथेच थांबत नाही. ते कन्हानला मिळतं, कन्हानमधून वैनगंगेत आणि तिथून गोसीखुर्दच्या धरणात जातं. तिथे जाळं टाकणाऱ्याने हा फोटो बघून आनंद मानायचा का?

रात्री ग्रुपवर एक संदेश आला. पाठवणारा स्वयंसेवक उद्घाटनाच्या फोटोनंतर कुठल्याच पुलावर दिसला नव्हता. “अभिनंदन सर! नदी साफ झालीच आहे, तर रविवारची ड्युटी कॅन्सल समजू का?”