‘आता त्यांना बसू द्या’ म्हणणाऱ्यांना उत्तर

‘नव्वदीला टेकलेल्या माणसाला व्यायामाने काही होत नाही. उभं करू नका, पडतील. थेरपी हे थेरपिस्टचं काम, आयाबाईंचं नाही. सुधारणा नसेल तर पैसे वाया घालवू नका.’ वृद्धाश्रमात आईवडील असणाऱ्यांना हा सल्ला काळजीपोटीच दिला जातो. पण त्यापायी हिंडतीफिरती माणसं अंथरुणाला खिळतात.

‘काही होत नाही’ हे तर साफ चूक. बॉस्टनच्या एका वृद्ध-शुश्रूषा केंद्रातल्या १०० जणांवर डॉ. मारिया फियाटारोनी यांनी केलेला अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय ८७. व्यायाम करणाऱ्या गटाने दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा पायांनी वजनं उचलली. तीही हलकी नव्हेत, ज्याच्या त्याच्या कमाल ताकदीच्या ८० टक्के. स्नायूंची ताकद ११३ टक्के वाढली, म्हणजे दुपटीहून जास्त. चालण्याचा वेग सुमारे १२ टक्क्यांनी वाढला, जिना चढण्याची शक्ती २८ टक्क्यांनी. व्यायामाविना नुसतं पोषक पेय घेणाऱ्यांची ताकद मात्र वाढली नाही. भेटीला जाताना पावडरचे डबे नेणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

पडण्याची भीती खरी आहे. पण बसवून ठेवलं की मांड्या झिजतात, आणि मग संडासला उठतानाच तोल जातो.

थेरपिस्टच्या मुद्द्यावर जरा थांबायला हवं. ब्रिटनमधल्या २२८ केअर होममध्ये पक्षाघात झालेल्या १,०४२ जणांची चाचणी झाली. निष्कर्ष २०१५ साली आले. ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या, म्हणजे अंघोळ, कपडे, जेवण अशी रोजची कामं स्वतः जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाच्या, माणशी सरासरी पाच भेटी झाल्या, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणही दिलं गेलं, तरी रोजच्या कामांत फरक पडला नाही. यावरून थेरपीच निरुपयोगी ठरवणं मला पटत नाही. पाच भेटींनी सवय लागत नाही. उरलेले दिवस आजींना कोण, कसं उठवतं? काखेत हात घालून उचलण्याऐवजी ‘पाय मागे घ्या, पुढे वाका, हातांनी रेटा’ एवढं सांगून थांबायचं, जेवायला व्हीलचेअरऐवजी वॉकरने न्यायचं. हे आयाबाईच करू शकतात. त्यांना थेरपिस्टने पुन्हा पुन्हा शिकवावं लागेल आणि पाळीला माणसंही वाढवावी लागतील. एकटीवर अख्खा मजला टाकून ही अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

राहिला ‘सुधारणा नाही’ हा मुद्दा. अमेरिकेत त्यावर खटला झाला. ‘जिमो’ नावाच्या त्या खटल्यात २०१३ साली तडजोड झाली आणि मेडिकेअरला, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याला, आपले नियम स्पष्ट करावे लागले: आहे ती क्षमता टिकवायला किंवा घसरण लांबवायला प्रशिक्षित थेरपिस्ट किंवा नर्सचे उपचार लागत असतील, तर केवळ सुधारणेची शक्यता नाही म्हणून ते नाकारता येत नाहीत.